उजनीच्या बॅकवॉटरला जायचंय? आधी धरण किती टक्के ते बघा

उजनीच्या पाण्याकाठच्या भिगवणला फ्लेमिंगो बघायला कधी जाऊ असं कोणालाही विचारा, "जानेवारी-फेब्रुवारी" असं उत्तर येतं, आणि ते चुकीचं नाहीये पण अर्धवट आहे. मी पहिल्यांदा गेलो ते ऑक्टोबरच्या शेवटी, सुट्टी मिळाली म्हणून. घरातल्या सगळ्यांना पहाटे साडेतीनला उठवलं, पोरं मागच्या सीटवर झोपेतच कोंबली, आणि तिथं पोचून बोटीत दीड तास काय बघितलं तर पाणी. नुसतं पाणी. दोन पाणकावळे, एक खंड्या आणि लांब कुठंतरी घार. शेवटी बोटवाल्या मामांनाच आमची दया आली, म्हणाले, "साहेब, धरण फुल्ल हाय, पक्ष्यानं उभं ऱ्हायचं कुठं?" तेव्हा ट्यूब पेटली. फ्लेमिंगोला तळं लागत नाही, त्याला लागतो चिखल आणि त्यावर वीतभर-हातभर पाणी. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर ते पाणी त्याच्या पायांपेक्षा खोल असतं, बस एवढीच गोष्ट आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, उजनी किती टक्के आहे ते बघून ठरवा. हा आकडा पेपरात येतो, सोलापूरच्या बातम्यांत तर रोजच येतो कारण अर्ध्या जिल्ह्याचा ऊस त्यावर उभा आहे. फक्त तो आकडा वाचायचा कसा ते समजून घ्या, नाहीतर घोळ होतो. उजनी म्हणजे भीमा नदीवरचं धरण, भिंत सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, १९८० मध्ये पूर्ण झालेलं, ४१ दरवाजे आहेत त्याला. जलाशयाचं कागदावरचं नाव यशवंतसागर, पण तिथं कोणी तसं म्हणत नाही, सगळे "उजनी" नाहीतर "बॅकवॉटर" म्हणतात. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि त्यातला ६३-६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं जे पाणी कालव्यात आपोआप जात नाही ते. टक्के मोजतात ते फक्त वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीचे. त्यामुळे "उजनी शून्य टक्क्यांवर" अशी बातमी आली की धरण कोरडं पडलं असं समजू नका, तेव्हाही आत अर्ध्याहून जास्त पाणी असतं. आणि त्याच्याही खाली गेलं की "मायनस" सुरू होतं, २०२४ च्या उन्हाळ्यात ते मायनस साठच्या आसपास गेलं होतं.

आता हिशोब असा (हा माझा आपला अंदाज आहे, सरकारी नियम नाही). ९० च्या वर असेल तर बोटीचे पैसे वाया. ७०-६० च्या खाली उतरायला लागलं की काठाकाठानं चिखलाचे पट्टे उघडे पडतात, बेटं वर येतात आणि पक्षी त्यावर उतरतात. ५० ते २० च्या मधे असेल आणि वर थंडी असेल, तर घरी थांबू नका. शून्याच्या खाली गेलं की पक्षी पांगायला लागतात, पण मग दुसरी मजा सुरू होते, पाण्याखालची देवळं बाहेर येतात, ते पुढे सांगतो. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि धरण डिसेंबरातही तुडुंब असलं तर फ्लेमिंगो उशिरा दिसतात, त्यामुळे मागच्या वर्षी मित्राला २० डिसेंबरला हजार दिसले म्हणून यंदा तुम्हाला दिसतीलच असं नाही.

जायचं कसं ते पटकन सांगतो. पुण्यातून सोलापूर हायवेनं भिगवण साधारण शंभर किलोमीटर, पहाटे रस्ता मोकळा असतो, पाटसचा टोल लागतो. भिगवणमधून आत वळून डिकसळ आणि कुंभारगाव ही दोन गावं, बोटी तिथूनच सुटतात. रेल्वेनं भिगवण स्टेशनलाही उतरता येतं पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, आणि पहाटे सहाला बोटीत असायचं असेल तर तो नाद सोडा, त्यापेक्षा आदल्या रात्री कुंभारगावात मुक्काम करा, गावातल्या लोकांनी राहायची-जेवायची घरगुती सोय केलेली आहे. उजाडता उजाडता पाण्यावर असायलाच पाहिजे. नऊ वाजले की ऊन चढतं, पाण्यावरून वाफ तरळायला लागते, फोटोत सगळं हलतं, आणि पुण्याहून आरामात उठून निघालेलं पब्लिकही तेव्हाच पोचतं.

बोट आधी फोन करून ठरवा आणि फोनवरच दोन गोष्टी विचारा. एक, रेट बोटीचा आहे की माणशी, आणि किती तासांचा. दुसरी, "आज फ्लेमिंगो कुठं आहेत, किती लांब?" खरा माणूस असेल तर तो सरळ सांगतो, पलीकडच्या काठाला आहेत, पाऊण तास जावं लागेल, किंवा दोन दिवस झाले दिसलेच नाहीत. "या की, शंभर टक्के दिसतील" असं म्हणणाऱ्यापेक्षा मला हा माणूस बरा वाटतो. शनिवार-रविवारी आणि २६ जानेवारीच्या सुट्टीत गर्दी एवढी असते की पक्ष्यांभोवती बोटींचं रिंगण होतं, जमलं तर मधल्या वारी जा.

कपडे मळखाऊ रंगाचे घाला, लाल-पिवळं जर्किन नको. जानेवारीत पहाटे पाण्यावर थंडी मजबूत वाजते, कानटोपी घ्याच, मला एकदा फाजील आत्मविश्वास नडला आणि हात इतके गारठले की कॅमेऱ्याचं बटण दाबलं जाईना. दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ ची पुरते, हलत्या बोटीत जास्त पॉवरची घेतली तर फक्त डोकं दुखतं. फोटो काढणाऱ्यांनी बोटवाल्याला सांगायचं की सूर्य पाठीशी राहील अशी बोट लावा, त्यांना ते माहीतच असतं, पण सांगितलेलं बरं. आणि बोटीत बसायच्या आधी बाथरूमला जाऊन या, हा सल्ला हसण्यावारी नेणाऱ्या माणसानं आमची अख्खी बोट अर्ध्यातून परत फिरवली होती.

आता मेन विषय. फ्लेमिंगोला पुस्तकात रोहित म्हणतात, काही जण अग्निपंख म्हणतात, बोटवाले फ्लेमिंगोच म्हणतात. इथं येतो तो मोठा रोहित, उंचीला लहान पोराएवढा, अंगानं पांढरट-गुलाबी, चोच गुलाबी आणि टोक काळं. लांबून बघितलं तर पहिल्यांदा नुसती पांढरी रेघ दिसते आणि वाटतं यासाठी एवढी तंगडतोड केली? थांबा जरा. तो पंख उघडतो तेव्हा आतला लालभडक आणि काळा रंग एकदम बाहेर येतो, अग्निपंख नाव का पडलं ते त्या क्षणी कळतं. आणि तो खाताना नीट बघा. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, म्हणजे वरची चोच खाली, आणि जिभेनं पाणी आत ओढून गाळून बाहेर टाकतो, चोचीच्या कडेला बारीक गाळणी असते त्यात शेवाळ आणि बारीक किडे अडकतात. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. खाता खाता एका जागी पाय आपटत हळूहळू गोल फिरतो, चिखल ढवळायला, आणि पाणी ओसरलं की त्या जागी चिखलात कढईएवढे गोल खड्डे उरतात. आमच्या मामांनी ते दाखवले, मला आधी वाटलं म्हशी बसल्या असतील.

जवळ किती जायचं याचा निर्णय पक्ष्यावर सोडा. सगळे मान खाली घालून खातायत म्हणजे ठीक आहे. दहा-वीस माना एकदम वर झाल्या आणि सगळे एकाच दिशेला चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ आलात, इंजिन कधीच बंद झालेलं पाहिजे, आता बांबूनं बोट ढकलणंही थांबवा. तिथं थांबलात तर पाच-दहा मिनिटांत ते परत खायला लागतात आणि कधीकधी चरत चरत स्वतःच जवळ येतात, माझे सगळ्यात चांगले फोटो तसेच आलेत. पण लोकांना "उडतानाचा शॉट" पाहिजे असतो. मग बोटवाल्याला शंभराची नोट दाखवून थवा उठवायला लावतात. हे अजिबात करू नका, आणि शेजारची बोट करत असेल तर तोंड उघडून बोला. एवढा मोठा पक्षी पाण्यावर धावत धावत उडतो, त्यात बरीच ताकद जाते, दिवसातून दहा बोटींनी दहा वेळा उठवलं तर तो खाणार कधी. ड्रोनचंही तेच, घरी ठेवून या.

फ्लेमिंगोच्या नादात बाकीचे पक्षी सोडू नका, खरं सांगायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर मी बाकीच्यांसाठीच जातो. पट्टकदंब बघा, करडा हंसासारखा दिसणारा, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या, हा तिबेट-मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतो आणि इथं येऊन गाळपेरीतल्या (पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेल्या) हरभऱ्यावर ताव मारतो, शेतकरी त्याच्यावर खूश नसतात. भगव्या रंगाचे चक्रवाक जोडीनं फिरतात. चमचा नावाच्या पक्ष्याची चोच खरंच चमच्यासारखी, ती तो पाण्यात डावी-उजवीकडे विळ्यासारखी फिरवतो. शेकाट्या, चित्रबलाक, राखी बगळे, थापट्या बदकं, कुरव, नदी सुरय, यादी लांब आहे. मासे मारणारी ऑस्प्रे बघा, ती पाण्यात उभ्या केलेल्या जाळ्याच्या खुंटावर बसलेली असते, बोटवाल्याला आधीच सांगून ठेवा, त्यांना तिचा ठरलेला खुंट माहीत असतो.

सेफ्टीवर थोडं कडक बोलतो. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही, पोहता येतं का हा प्रश्नच नाही, अंगात स्वेटर, गळ्यात कॅमेरा आणि खाली गाळ असताना कोणी पोहत नाही. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं नाही. एप्रिल-मे मधे दुपारनंतर बोट घेऊच नका, वळवाचा वारा दहा मिनिटांत उठतो आणि एवढ्या उघड्या पाण्यावर लाटा समुद्रासारख्या येतात. २०२४ च्या मे महिन्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जण गेले, आणि ती काही हौशी पर्यटकांची बोट नव्हती, रोजची ये-जा करणारी होती. बोटवाला "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका. आणि पाण्यात पोरांना डुंबायला सोडू नका. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमेतून इथं, पाण्याचा हिरवा रंग निसर्गसौंदर्याचा नाही. पुण्यात बसून आपण नाक मुरडायचं काही कारण नाही म्हणा, आपलंच आहे ते.

आता पळसदेव. भिगवणहून इंदापूरकडे हायवेनं निघालं की हे गाव लागतं. आत्ताचं गाव नवीन, जुनं गाव धरणात गेलं. गाव हललं, देऊळ तिथंच राहिलं. पळसनाथाचं हे जुनं हेमाडपंती पद्धतीचं देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं, पाणी उतरायला लागलं की आधी शिखराचा शेंडा दिसतो, मग शिखर, मग छप्पर, आणि मायनस खूप खाली गेलं तर पार पायापर्यंत मोकळं होतं. म्हणजे इथंही टक्के बघूनच जायचं. अर्धं पाण्यात असेल तर गावातून बोट करून जवळून चक्कर मारा, पूर्ण उघडं असेल तर चालत जाता येतं, पण गाळ फसवा असतो. वरून भेगा पडून कडक दिसतो आणि आत लोण्यासारखा मऊ, माझा पाय एकदा गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल कायमची धरणाला वाहिली. गुरांच्या खुरांचे आणि माणसांच्या पावलांचे ठसे असतील त्याच वाटेनं जा.

देवळाजवळ पोचलात की लगेच आत घुसू नका, बाहेरून एक चक्कर मारा. दगडावर पाण्याच्या पातळीच्या आडव्या रेघा दिसतात, एकावर एक, वहीच्या पानासारख्या. शिंपल्या चिकटलेल्या असतात. आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, पडलेत, ते बघताना खालून वर बघायचे, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन जातायत, वर तो महादेवासमोर बसलाय, सूर्य-चंद्र सगळ्यात वर. त्यांच्यावर उभं राहून सेल्फी काढणारे बघितलेत मी, तुम्ही नका काढू. शिखरावर चढायचं तर नावच काढू नका, पन्नासेक वर्षं पाण्यात भिजलेलं आणि उन्हात वाळलेलं बांधकाम आहे ते.

आणि एक काम कराच, बोटवाल्याशी गप्पा मारा. हे पाणी ज्यांच्या जमिनीवर आलं त्यांच्यातल्याच कोणाची तरी मुलं-नातवंडं आज बोट चालवतात किंवा मासेमारी करतात. "इथं खाली काय होतं?" एवढं विचारायचं फक्त. आमच्या मामांनी भर पाण्यात इंजिन बंद केलं, काठावरच्या दोन झाडांकडे आणि पलीकडच्या एका टॉवरकडे बोट दाखवून रेघ जुळवली आणि म्हणाले, "आता आपण आमच्या आज्याच्या हिरीवर हाय." मी वाकून बघितलं, हिरवं पाणी, दुसरं काय दिसणार. ते मात्र खाली बघतच नव्हते, समोर बघत होते.

डिकसळला पाण्यातला जुना ब्रिटिशकालीन पूल आहे, तो काठावरून बघा, त्याच्यावर गाडी घालायच्या भानगडीत पडू नका, वय झालंय त्याचं.

समजा तुमची सुट्टी नेमकी धरण भरलेलं असतानाच आलीय, तर काय? तरी जाता येतं, फक्त बोटीचा हट्ट सोडा. भिगवणजवळ भादलवाडीचा तलाव आहे, तिथं विणीच्या दिवसांत झाडांवर चित्रबलाकांची (रंगीत करकोच्यांची) वसाहत असते, तलावात पुरेसं पाणी असलं तरच ते घरटी करतात. एका झाडावर वीस-वीस घरटी, खाली विष्ठेनं पांढरी झालेली पानं आणि वर पिल्लांचा सारखा कलकलाट, वासही येतो, तयारीनं जा. किंवा मग गवताळ माळ. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामतीकडचं शिर्सुफळ इथं वन विभागानं २०२४ पासून ग्रासलँड सफारी सुरू केलीय, बुकिंग ऑनलाइन होतं. चिंकारा बहुतेक दिसतात, नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड. पावसाळा संपताना माळ हिरवा असतो, तेव्हा तर बॅकवॉटरपेक्षा मी तिकडेच जाईन.

जेवायचं म्हणाल तर मासे. बोटीत बसायच्या आधीच मुक्कामाच्या घरी सांगून ठेवा की आल्यावर अमुक इतकी ताटं, म्हणजे दहाच्या सुमारास भाकरी गरम मिळते. चिलापी फ्राय इथं सगळीकडे मिळते, काटे कमी असतात म्हणून पोरांना चालते, मरळ मिळाली तर ती आधी घ्या. मासे न खाणाऱ्यांना पिठलं-ठेचा.

परतीच्या वाटेवर अंगात जीव असेल तर यवतवरून आत वळून भुलेश्वर करा. बाहेरून बघून वाटतं, हे काय, साधी भिंत आणि घुमट, आणि आत शिरलं की अंधारात काळ्या दगडावर कोरीवकाम सुरू होतं ते संपतच नाही. बऱ्याच मूर्ती फोडलेल्या आहेत, पण स्त्रीरूपातला गणपती शाबूत आहे, तो शोधा, वर बघत चाललात तर सापडेल. मोबाईलचा टॉर्च लागतो, त्यामुळे सकाळी फ्लेमिंगोच्या व्हिडिओत सगळी बॅटरी घालवू नका. बूट बाहेर काढावे लागतात, तेवढ्यासाठी तरी भिगवणचा चिखल आधीच झटकून या, आमच्या बुटांनी देवळाच्या पायरीवर जी रांगोळी काढली ती पुजाऱ्यांनी बघितली होती.